घरी बनवलेला गरम हवेचा फुगा : तुमचे अनुभव लिहा

या धाग्यावर स्वतःच्या हातांनी बनवलेल्या फुग्यांबद्दलच लिहायचं आहे. बाजारातून आणलेले उडते कंदील नकोत. कागद कुठला घेतलात, फाका (फुग्याचे उभे, टोकांकडे निमुळते पट्टे) कशा कापल्या, हवा कशाने तापवली, दोरी कोणाच्या हातात होती, सगळं सविस्तर येऊ द्या. सुरुवात मी करते.

मी पुण्यात भाचेकंपनीला घेऊन पतंगाच्या कागदाचे फुगे करते, थंडीच्या दिवसांत आणि भल्या सकाळी. थंडीच का, तर १५ अंश तापमानाला एक घनमीटर हवा साधारण सव्वा किलो भरते आणि ८० अंशांना सुमारे एक किलो. म्हणजे दर घनमीटरमागे सव्वादोनशे ग्रॅमची उचल मिळते. तोच फुगा बाहेर ३५ अंश असताना उडवायला गेलात तर उचल दीडशे ग्रॅमच्याही खाली येते. फुग्याला उचलतो तो आतल्या आणि बाहेरच्या हवेतला फरक. मुलांना हे एकदा समजलं की पहाटे पाचला तीच आपल्याला उठवतात.

दुसरी गोष्ट आकाराची. व्यास दुप्पट केला की कागद चौपट लागतो, पण आत हवा आठपट मावते. पाऊण मीटर व्यासाच्या फुग्याचं वजन चाळीसेक ग्रॅम आणि उचल पन्नास, म्हणजे तो जेमतेम हलतो. दीड मीटरचा फुगा चिकटवायच्या खळीसकट पावणेदोनशे ग्रॅमपर्यंत जातो आणि उचल मिळते चारशेच्या आसपास. म्हणून सगळ्यांना माझं सांगणं की पहिलाच फुगा मोठा करा. छोटा करून बघू म्हणणाऱ्यांचा फुगा जमिनीवरच राहतो आणि ते नाद सोडून देतात.

माझं माप असं. व्यास १५० सेंटिमीटर, फाका दहा. पतंगी कागदाचा ताव ५० बाय ७५ चा मिळतो, त्यामुळे एका फाकेला लांबीत तीन ताव जोडले की पुरतात आणि एकूण तीस ताव लागतात. फाकेची रुंदी मध्यावर ४७ सेंटिमीटर, मध्यापासून दोन्हीकडे, वर आणि खाली, ३९ सेंटिमीटरवर रुंदी ४१ आणि ७९ सेंटिमीटरवर साडेतेवीस. वरचं टोक निमुळतं ठेवायचं, खालचं १५ सेंटिमीटर कापून टाकायचं. त्यातून साधारण ३० सेंटिमीटरचं तोंड तयार होतं. जोडासाठी एका कडेला दीड-दोन सेंटिमीटर जास्तीचे सोडा. रद्दी पेपरवर आधी अर्ध्या फाकेचा साचा काढून घडीवर ठेवून कापलं की दोन्ही बाजू सारख्या येतात.

तोंडाला बांबूची बारीक कामटी गोल वळवून चिकटवते. हवा तापवायला रंग खरवडण्याची दोन हजार वॉटची हीट गन आणि तिच्यापुढे पत्र्याचं नळकांडं. गनच्या तोंडाशी हवा कागद पेटवण्याइतकी तापलेली असते, म्हणून नळकांडं तोंडाच्या बरोबर मध्यावर धरायचं काम मोठ्या माणसाचं, मुलांनी फक्त कडा धरायच्या. आधी शेंडा ताठ होतो, मग वरच्या फाका एकेक करून सुटतात, घड्यांच्या रेषा पुसल्या जातात आणि कागद ढोलकीच्या पानासारखा तणतणतो. कडा धरलेल्या बोटांना वर ओढ जाणवायला लागली की दोरी सैल करायची. पातळ कागदातून उष्णता भराभर जाते, त्यामुळे फुगा मिनिटाभरात थंड होऊन खाली येतो. परत गन, परत वर. आता तुम्ही लिहा.

यवतमाळ जिल्ह्यातून, शिक्षिका

ताई, धागा काढलात ते फार बरं झालं. आमच्या शाळेत हीट गन नाही आणि सकाळी विजेचाही भरवसा नाही. आम्ही चूल वापरतो. तीन विटा, वर तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा पालथा, डब्याच्या बुडाला भोक आणि त्यावर पत्र्याचा हातभर नळा. खाली तुराट्या आणि पऱ्हाट्या जाळायच्या. पऱ्हाटी चटकन पेटते, आच मोठी देते आणि पटकन विझवताही येते. गोवरी मात्र नको, धुरानं पोरांचे डोळे चुरचुरतात आणि कागद पिवळा पडतो. ज्वाळा डब्यातच राहते, नळ्यातून फक्त गरम हवा चढते. बाजूला पाण्याच्या दोन बादल्या आणि गोणपाट.

यातून गणित किती निघतं! पाचवीची पोरं ताव मोजतात, सातवीची परिघ काढतात. परिघाला दहाने भागलं की फाकेची रुंदी येते हे मी फळ्यावर सांगून कुणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं. फाका जोडताना एक मुलगी स्वतःहून म्हणाली, "मॅडम, मंग बारा फाका घेतल्या तर अजून गोल होईन ना?" त्या वर्षी आम्ही बाराच घेतल्या.

कोल्हापूर, बुकबाइंडिंगच्या धंद्यात हयात गेली

कागदाबद्दल बोलताय म्हणून लिहितो. हल्ली सगळे ट्यूबमधला गोंद वापरतात. तो वाळल्यावर कडक होतो आणि घडी पडली की पतंगी कागद जोडाच्या कडेनेच फाटतो. मैद्याची खळ करा. एक वाटी मैदा, पाच-सहा वाट्या पाणी, गुठळी न होता मंद आचेवर काचेसारखी दिसेपर्यंत ढवळा. फुगा ठेवणीतला असेल तर चिमूटभर मोरचूद घाला, म्हणजे झुरळ-कसर लागत नाही. मोरचूद विषारी असतं, तेवढी खळ मुलांच्या हातात देऊ नका. खळ बोटाने लावा, ब्रशने जास्त बसते आणि ओल्या कागदाला सुरकुत्या पडतात. जोड सावलीत वाळवा.

गरम हवेच्या फुग्याचे जनक म्हणून माँगोल्फिए बंधूंचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण ते मूळचे कागद गिरणीवाले, हे मला फार जवळचं वाटतं. ४ जून १७८३ ला फ्रान्समधल्या आनोने गावी त्यांनी लोकांसमोर उडवलेला फुगा कापडाचा होता, आतून कागदाचं अस्तर आणि तुकडे एकमेकांना चक्क गुंड्यांनी जोडलेले. अस्तर लावायचं तर हात कागदावर बसलेला असावा लागतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात पॅरिसवरून माणसं उडाली. विमानाच्या आधी शंभरावर वर्षं माणूस हवेत गेला तो आमच्या धंद्यातल्या लोकांच्या हातून.

वेंगुर्ल्याकडचा, सध्या ठाण्यात

माझे मामा त्रिपुरी पौर्णिमेला कागदी बलून सोडायचे. तोंडाशी तारेची फुली आणि तिच्यावर रॉकेलमध्ये भिजवलेला काकडा. अंधारात तो माडांच्या वर निघाला की सगळी वाडी अंगणात. ते वैभव मी विसरणार नाही, तरीही आज कोणी तसा बलून सोडतो म्हणाला तर मी आडवा येईन. कार्तिकात आमच्याकडे सड्यावरचं करड वाळायला लागलेलं असतं आणि भाताच्या उडव्या रचलेल्या असतात. एके वर्षी शेजारच्या वाडीत एक उडवी रात्रीत जळून गेली, वर्षाचं गवत गेलं. गुरांना पुढे काय घालायचं हा प्रश्न त्या घरानं पावसाळ्यापर्यंत सोसला. मामांनी त्यानंतर काकडा लावला नाही.

मुंबईत पोलीस उडत्या कंदिलांवर बंदीचे आदेश काढतात, आणि ते योग्यच आहेत. इथे विमानं आहेत, झोपड्यांवर ताडपत्री आहे. वर हीट गन आणि चूल दोन्ही वाचलं आणि बरं वाटलं, आग जमिनीवर राहते आणि फुगा दोरीला.

लातूर जिल्हा, शेतकरी

आमच्याकडे आगीचा विषयच नाही, फुगा उन्हावर चालतो.

नाद लागला तो पेपरातल्या निवेदनामुळे. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र आहे, तिथून संशोधनाचे फुगे सोडतात. ते हायड्रोजनचे, पातळ पॉलिथिनचे, ३०-४० किलोमीटर उंच जाणारे, आणि त्यांची यंत्रं रंगीत पॅराशूटला बांधून पार आपल्या भागापर्यंत येऊन उतरू शकतात. सापडलं तर हात लावू नका, कळवा, असं त्यात असतं. एवढ्या उंचीवर प्लास्टिकची पिशवी जाते तर आपली किती जाईल, एवढाच विचार केला.

काळ्या कचऱ्याच्या पिशव्या, मिळतील तितक्या पातळ, उकलून साध्या चिकटपट्टीने जोडल्या आणि एक मीटर व्यासाचा, सहा मीटर लांब नळा केला. मल्चिंग पेपर (पिकाच्या वाफ्यावर अंथरायचं प्लास्टिक) घरात पडलेला होता, पण तो २५-३० मायक्रॉनचा, स्वतःच्याच वजनाने बसतो. पिशवी १०-१२ मायक्रॉनची हवी. एक तोंड बांधून टेबलफॅनने हवा भरायची, दुसरं बांधायचं आणि खळ्यात उन्हात ठेवायचं. काळा रंग ऊन पितो, आतली हवा बाहेरच्यापेक्षा पंचवीसेक अंश तापली तरी भागतं. थंडीत सकाळी नऊच्या सुमारास, वारा पडलेला असताना, नळ्याचं एक टोक डोकं काढतं आणि अख्खा नळा उभा राहतो. ऊन आहे तोवर तो वरच राहतो, कागदी फुग्यासारखा लगेच उतरत नाही. म्हणूनच त्याला मोकळा सोडायचा नाही. मासे धरायचा जाड तंगूस वापरा आणि विजेच्या तारांपासून लांब जा. आमच्या आईने पाहिलं आणि म्हणाली, "ह्याला काहीच घातलं नाही व्हय रे आत?" नुसती हवा, म्हणालो, तर पटेना.

जर्मनीतून

रेगेन्सबुर्गच्या बव्हेरियन इतिहासाच्या संग्रहालयात घरी शिवलेला एक फुगा पाहायला मिळतो, त्याबद्दल इथे लिहायलाच हवं. पूर्व जर्मनीतल्या प्योसनेक गावच्या श्ट्रेल्त्सिक आणि वेत्सेल या दोन कुटुंबांनी तो केला. १६ सप्टेंबर १९७९ च्या मध्यरात्रीनंतर चार मोठी माणसं आणि चार मुलं त्यातून चोरून सीमा ओलांडून पश्चिमेकडच्या नायला गावाजवळ उतरली. हवेत ती अर्धा तासही नव्हती.

मला सगळ्यात थक्क करते ती त्यांची कापडाची परीक्षा. पहिला फुगा अस्तराच्या सुती कापडाचा होता, त्यातून हवा गळायची. मग त्यांनी वेगवेगळ्या कापडांचे तुकडे आणले, भट्टीत घालून किती ताप सोसतात ते पाहिलं, आणि व्हॅक्यूम क्लीनर व पाणी भरलेली काचेची नळी जोडून कोणत्या कापडातून हवा किती निसटते ते मोजलं. छत्रीचं कापड सरस निघालं, पण महाग होतं. शेवटी टॅफेटा (घट्ट विणीचं गुळगुळीत कापड) घेतला, आणि तोही संशय येऊ नये म्हणून वेगवेगळ्या गावांतून थोडा थोडा. आधीचा प्रयत्न जुलैत झाला होता, तेव्हा एक कुटुंब सीमेच्या अलीकडे दोनशे मीटरही अंतर नसताना खाली आलं होतं. त्यानंतर सुमारे चार हजार घनमीटरचा हा तिसरा फुगा अवघ्या काही आठवड्यांत शिवणयंत्रावर तयार झाला.

एक प्रश्न : पतंगी कागदातून हवा किती गळते हे इथे कोणी तपासलंय का?

धागाकर्ती

हो. ताव उजेडासमोर धरा, टाचणीएवढी भोकं लगेच दिसतात. त्यांवर त्याच कागदाचा ठिपका खळीने लावते. बाकी कागदाच्या अंगातून जाते ती हवा फार थोडी. खरी गळती होते शेंड्यावर, जिथे दहा टोकं एकत्र येतात. तिथे सात-आठ सेंटिमीटरची गोल टिकली आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून लावा, आणि बाहेरच्या टिकलीखाली दोऱ्याचा फास अडकवून ठेवा. वाळवताना फुगा त्याच फासाने टांगता येतो.