बॅटरीच्या झोतात ससा मारण्यात कसली आलीय मर्दुमकी?

माळावरचा

परवा इथेच एका सभासदाने 'अमावस्या, दोन कारवानी आणि एक बॅटरी' असा रसभरीत लेख टाकला (कारवानी म्हणजे शिकारी कुत्र्यांची जात). मोटारसायकलवर रात्री पडकातून फिरायचं, मागे बसलेल्याने झोत मारायचा, ससा दिपून बसला की कुत्री सोडायची, खेळ खलास. खाली 'जबरदस्त', 'गावाकडची मजाच न्यारी' अशा प्रतिसादांचा पाऊस. आणि वर शेवटी तत्त्वज्ञान: ही आपली परंपरा आहे, शहरातल्या लोकांना कळायची नाही. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण लांबत गेलं म्हणून हा वेगळा धागा.

मी शहरातला नाही. मोहोळ तालुक्यातला आहे, कोरडवाहू. आजोबांच्या दारात कारवानी असायची आणि सशाची शिकार मी लहानपणी पाहिलेली आहे, खाल्लेलीही आहे. म्हणूनच सांगतो, लेखात जे लिहिलंय ती आजोबांची शिकार नव्हे.

कारवानी कुत्रं नजरेवर धावतं, वासावर नाही. दिवसा ससा उठला की कुत्रं त्याला गाठणार हे खरं, पण ससा सरळ कुठे पळतो? कुत्र्याचा जबडा शेपटीला टेकतोय असं वाटावं तेवढ्यात तो काटकोनात वळतो. कुत्रं वेगाच्या भरात पुढे जातं, ढेकळांवर घसरतं, पुन्हा वळून येईस्तोवर ससा करडईत. आणि उभ्या करडईत कुत्रं घुसत नाही, तोंड फुटतं काट्यांनी. आजोबा पुष्कळदा रिकाम्या हाताने यायचे आणि त्याचं त्यांना काही वाटायचं नाही.

रात्री कुत्र्याला लांबचं दिसत नाही, ते तुमच्या बॅटरीवर पळतं. सशाचे डोळे दिपलेले, त्याला करडई कुठे आणि बांध कुठे तेच कळेना. म्हणजे एकाला डोळे दिले आणि दुसऱ्याचे काढून घेतले. पूर्वीच्या दोन सेलच्या बॅटरीचा उजेड समोरच्या बांधापर्यंतसुद्धा धड पोचायचा नाही. आताची चार्जिंगची एलईडी अख्खं शिवार उजळते. परंपरा म्हणायचं तर या बॅटरीचं वय काय?

कायद्याचंही सांगून टाकतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ससा आधी चौथ्या परिशिष्टात होता. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आता तो दुसऱ्यात आहे. आणि शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. पाठलाग करणं, फासे लावणं, हाका घालून जनावर हुसकणं, यातल्या कशाचाही नुसता प्रयत्नसुद्धा शिकारच. तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. गाडी सरकारजमा. हे माहीत असून फोटो टाकणाऱ्याच्या धैर्याला मात्र सलाम.

रानदादा

माझ्याच लेखावर धागा काढलाय तर नाव घेऊन काढायचा होता, माळावरचे साहेब. घाबरत नाही मी.

वर्षातून चार वेळा रानात जातो आम्ही. त्यात ससे संपणार? ससे संपले ते पडकं फोडून ऊस लावल्यानं, तणनाशक मारल्यानं, बांध जेसीबीनं सपाट केल्यानं. त्या लोकांवर काढा धागा. तुमच्या मोहोळात किती ऊस झालाय बघा आधी.

आन् दुसरं. ब्रॉयलर कोंबडी चाळीस दिवस शेडमध्ये कोंडून वाढवून ताटात घ्यायची तेव्हा तुमची करुणा कुठं जाती? माझा ससा मरेपर्यंत मोकळ्या रानात जगला. कायद्याचं म्हणाल तर मागच्या साली रानडुकरांनी एका रात्रीत माझं भुईमुगाचं रान उकरून टाकलं, तेव्हा तुमचा कायदा कुठं झोपला होता?

कोरडवाहू

शेवटच्या वाक्याला माझ्याकडून दहा वेळा अनुमोदन.

ससा हरभऱ्याचे कोवळे शेंडे खातो, खातो तर खातो, त्यानं कोणी देशोधडीला लागत नाही. पण डुक्कर आणि हरणं? हरभरा वीतभर झाला की काळविटांचा कळप येतो आणि सकाळी रान बघवत नाही. मग नुकसानभरपाईचा अर्ज करा. सातबारा जोडा, फोटो जोडा. मग वनरक्षक, तलाठी, कृषी सहायक तिघे एका दिवशी एका बांधावर यायला पाहिजेत. एक लग्नाला गेलेला, एक निवडणुकीच्या कामाला, तिसरा म्हणतो ते दोघे आले की फोन करा. तोवर मी रान नांगरून पेरायचं का नाही पेरायचं? नांगरलं तर नुकसान दिसत नाही, नाही नांगरलं तर वाफसा जातो. पंचनामा झालाच तर पैसे येतात ते बियाण्याच्या पिशवीला पुरत नाहीत.

शेवटी कर्ज काढून कुंपणाच्या तारेला झटका मशीन बसवलं. आता डुकरं शेजाऱ्याकडे जातात आणि शेजारी माझ्याशी बोलत नाही.

माळावरचा

कोरडवाहू दादा, सगळं मान्य. पण रानदादांनी डुक्कर नाही मारलं, ससा मारलाय. डुकराचा राग सशावर काढायचा?

रानदादा

डुक्कर मारायला परवानगी लागती, बंदूक लागती. तुम्ही देताय का आणून?

लिंकनशायरकर

मी इंग्लंडमध्ये राहतो, शेतीभागात. तुमचं भांडण वाचून गंमत वाटली, कारण हाच प्रकार इथे उघडपणे, कायद्याला धरून चालतो. ग्रेहाउंड किंवा व्हिपेटला कॉली नाहीतर टेरियरशी जुळवून काढलेलं कुत्रं, त्याला लर्चर म्हणतात. हातात दिवा, पट्ट्यात लर्चर, आणि रात्री रॅबिट मारायचे.

आमच्या शेजारच्या शेतकऱ्याकडे एक म्हातारा येतो. काळोखी, वाऱ्याची रात्र निवडतो, कारण वाऱ्यात पावलांचा आवाज जात नाही आणि अंधारात रॅबिट बिळापासून लांब चरायला येतात. दिवा सतत लावत नाही. एकदा फिरवतो, डोळे चमकले की विझवतो, वाऱ्याच्या खालच्या बाजूने जवळ जातो, मग परत लावून कुत्रं सोडतो. कुत्रं रॅबिटला जिवंत तोंडात धरून आणून त्याच्या हातात देतं. फाडत नाही, चावत नाही. तो एका झटक्यात मान मोडतो. मी स्वतः पाहिलंय, मला रात्री जेवण गेलं नाही, पण क्रूर म्हणवत नाही.

मात्र हे रॅबिटबद्दल. रॅबिट बिळं करतात, कळपाने राहतात, गव्हाचा कडेचा पट्टा भुईसपाट करतात. १९५३ मध्ये मिक्झोमॅटोसिसची साथ आली तेव्हा बहुतेक सगळे मेले होते, तरी पुन्हा वाढले. २००५ पासून लागू असलेल्या हंटिंग ॲक्टमध्ये कुत्र्याने रॅबिट मारायला सूट आहे, जमीनमालकाची परवानगी असली की झालं. हेअरला सूट नाही. आपल्या माळावरचा ससा हा हेअर. बिळात न राहणारा, उघड्यावर गवतात दबून बसणारा. त्याच्यामागे कुत्री सोडणाऱ्या टोळ्या इथेही आहेत. चारचाकी घेऊन येतात, पैजा लावतात, उभ्या पिकातून गाड्या घालतात, शेतकऱ्याने हटकलं तर मारहाण करतात. त्यांच्यासाठी २०२२ मध्ये शिक्षा वाढवल्या.

तेव्हा बॅटरीला शिव्या देण्यात अर्थ नाही. प्राणी कोणता, रान कोणाचं आणि कुत्र्याला शिकवलंय काय, ते बघा.

माळावरचा

म्हणजे तुमच्या साहेबाच्या देशातसुद्धा आपला ससा मारायला बंदीच आहे. एवढं एका ओळीत लिहिलं असतं तरी चाललं असतं.

लिंकनशायरकर

एका ओळीत लिहिलं असतं तर तुम्ही पुरावा मागितला असता.

डॉक्टरीणबाई

पशुवैद्य आहे, ग्रामीण भागात. सशाची बाजू झाली, शेतकऱ्याची झाली, कुत्र्याची कोणीच बोलत नाही.

रात्रीच्या शिकारीतली कुत्री माझ्याकडे पहाटे येतात. परवाचीच गोष्ट. छाती ते मांडी कातडी फाटून लोंबत होती, आतली बरगडी दिसत होती, जखमेत कुसळं आणि माती. मालक म्हणे ट्रॅक्टरचा पत्रा लागला. पत्र्याने एका रेषेत कापतं. हे तीन समांतर ओरखडे होते, थोड्या थोड्या अंतरावर खोल गेलेले. काटेरी तार. कुत्रं झोताकडे बघत जिवाच्या आकांताने पळतं, मधली तार त्याला दिसतच नाही. टाके घालताना मालक बाजूला उभा राहून मोबाइलवर कोणाला तरी सांगत होता, 'ससा गेला राव.' आणि आपल्याकडच्या बिनकठड्याच्या विहिरी! त्यात पडलेली कुत्री माझ्याकडे येतही नाहीत.

अजून एक. ही कुत्री माळावर खोकडांच्या वाटांवरून फिरतात. लस कोणी देत नाही. डिस्टेंपर, पार्व्हो हे कुत्र्यांचे जीवघेणे रोग खोकडांपर्यंत पोचायला तेवढं पुरतं. रानदादा, तुमच्या दोघांना लस दिलीय का?

रानदादा

रेबीजची दिलीय.

डॉक्टरीणबाई

मी ते विचारलं नव्हतं.

माळपाखरू

बराच वेळ वाचतोय. बोलावं का नाही कळत नव्हतं.

मी पारधी आहे. आमच्या वस्तीवर कुणाच्या घरात जुनी वाघूर, म्हणजे शिकारीचं जाळं, नाहीतर फासे सापडले की पोलिसांची गाडी येते. ससा मिळाला पाहिजे असंही नाही. इंग्रजांनी १८७१ पासून आणलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यानं आमच्या पणजोबांना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, १९५२ साली तो रद्द झाला, पण ठाण्यातल्या माणसाच्या डोक्यातून रद्द झाला का ते आमच्या वस्तीवर येऊन विचारा. माझे वडील कधीचे शिकार सोडून मजुरी करतात. तरी जवळपास कुठं चोरी झाली की पहिला फोन त्यांनाच.

आणि इथं रानदादा नाव-गावासकट, मेलेल्या सशाचे कान धरून फोटो टाकतात आणि लोक वाहवा करतात. तुमची ती हौस, तुमची परंपरा. आमचा तो गुन्हा. ससा तर तोच आहे ना?

रानदादा

भाऊ, तुमच्यावर अन्याय होतो ते चूकच आहे. पण त्यात माझा काय दोष? मी थोडीच पोलिसांना पाठवतो?

माळपाखरू

पाठवत नाही. पण तुमच्या घरी ते कधी येणारही नाहीत, हे माहीत असल्याशिवाय कोणी असा लेख लिहीत नाही.

सीमाभागी

मूळ विषयात पडत नाही, पण फोटोतली कुत्री कारवानी नाहीत, मुधोळ आहेत, कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळची जात. एवढी अरुंद कवटी आणि असं पोट मुधोळचंच.

लातूरचा लोहार

आलं का! कारवानी आणि मुधोळ एकच जात आहे हो. कारवां घेऊन आलेल्या लोकांबरोबर आली म्हणून कारवानी. आमच्या लातूर-उदगीरकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. केनेल क्लबच्या यादीत कारवान हाउंड असंच नाव आहे. पण २००५ ला डाक खात्यानं तिकीट काढलं त्यावर मुधोळ हाउंड. जनावरांच्या जाती नोंदवणाऱ्या कर्नालच्या राष्ट्रीय ब्यूरोत नोंद मुधोळ हाउंड. मेरठला लष्करानं ट्रेनिंगला नेली तीही मुधोळ म्हणून. राबायचं मराठवाड्यानं आणि नाव बागलकोटाचं.

सीमाभागी

राबलात म्हणजे काय केलंत? मुधोळच्या घोरपड्यांनी राजाश्रय देऊन जात टिकवली. कर्नाटकानं तिम्मापूरला संशोधन केंद्र उभं केलं. तुम्ही काय केलं? शेळ्यांमागं सोडली आणि ग्रेहाउंडशी मिसळून नास केला.

लातूरचा लोहार

घोरपडे कोण होते हो? मराठेच ना? मग बागलकोटाचं कशाला कौतुक सांगता!

सीमाभागी

मी बागलकोटचा नाही, निपाणीचा आहे. आम्हाला इकडचेही शिव्या देतात आणि तिकडचेही.

लातूरचा लोहार

मिसळून नास कोणी केला तेही सांगतो. शर्यतीवाल्यांनी. वेग पाहिजे म्हणून ग्रेहाउंड घातलं आणि आता पायांची हाडं काडीसारखी मोडतात. खरं कारवानी उन्हात दिवसभर मेंढरामागं चालायचं आणि अर्ध्या भाकरीवर जगायचं. पश्मी, म्हणजे लांब केसांचं कारवानी, तर आता बघायलाही मिळत नाही.

डॉक्टरीणबाई

हाडांचं बरोबर आहे. माझ्याकडे पुढचा पाय मोडून येणाऱ्यांत संकरितच जास्त असतात.

कोरडवाहू

बघा, भरपाईबद्दल लिहिलं तर एक प्रतिसाद. कुत्र्याच्या जातीवर निम्मा धागा. ह्याच्यामुळं शेतकरी मरतो.

माळावरचा

दादा, भरपाईवर वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा. इथे मला रानदादांकडून एकच उत्तर हवंय. बॅटरीशिवाय जाल का?

रानदादा

बॅटरीशिवाय गेलो तरी तुमच्या कायद्यात गुन्हाच आहे की. मग बॅटरीवर एवढी लांबण कशाला लावली? सरळ शिकार बंद करा म्हणायचं. म्हटलं नाही, कारण आजोबांची गोष्ट सांगायची होती.

माळावरचा

ठीक आहे, सरळ म्हणतो. बंद करा.

रानदादा

बघू. लेखातले फोटो मात्र काढून टाकलेत, गाडीचा नंबर दिसत होता. वकिलीबद्दल आभार. आणि डॉक्टरीणबाई, त्या डिस्टेंपरच्या लसीचं नाव काय ते मेसेज करा.

पुणेरी पाव्हणा

धागा छान चाललाय. लातूरकडे अस्सल कारवानी पिल्लू साधारण कितीला मिळतं? वाकडला टू बीएचके आहे.

लातूरचा लोहार

मिळत नाही.