पीसीच्या केसचा पुढचा हेडफोन जॅक जोडायचाच नाही? का बरं?

खटपट्या:
काल एका नवख्याला इथे सल्ला मिळाला, "फ्रंट ऑडिओची वायर जोडूच नको, हेडफोन सरळ मागे लाव." खाली सगळ्यांच्या माना डुलल्या. अहो, मदरबोर्डावर लावायचा नऊ पिनांचा एक कनेक्टर आहे, आठवी पिन नसते म्हणून उलटा बसतच नाही, घाबरण्यासारखं काय आहे त्यात? केसच्या वायरला एचडी ऑडिओ (नवी पद्धत) आणि एसी ९७ (जुनी पद्धत) अशी दोन टोकं असतील तर एचडीवालं लावा, दुसरं तसंच सोडा. नवख्याला घाबरवणं म्हणजे अनुभव नव्हे.

शांतश्रोता:
सल्ला माझाच होता आणि मी तो मागे घेणार नाही. हेडर, म्हणजे कनेक्टर ज्यावर बसतो त्या पिना, बहुतेक बोर्डांवर खालच्या कोपऱ्यात, तिथून वायर ग्राफिक्स कार्डाखालून पार पुढपर्यंत जाते. माझ्याकडे गेम सुरू झाला की कानात किर्रर्र, माउस हलवला तरी किर्रर्र. मागे लावलं की चिडीचूप.

जुनाजम्पर:
वायर शिल्डेड (बाहेरचा गोंगाट अडवणाऱ्या आवरणाची) नसेल तर आवाज येणारच, जॅकला कशाला दोष? एसी ९७ वापरलेल्यांना विचारा, ५-६ आणि ९-१० या पिना जोडणारे जम्पर (छोट्या टोप्या) काढले आणि पुढचं पॅनल लावलं नाही तर मागचाही आवाज बंद व्हायचा! २००४ मध्ये एचडी ऑडिओ आला, जॅक सेन्सिंग (जॅकमध्ये काही लावलंय हे ओळखणं) आलं, ती कटकट गेली. आता एचडी हेडरवर एसी ९७ चं टोक लावलं की हेडफोन लावलेला ड्रायव्हरला (आवाजाच्या सॉफ्टवेअरला) कळत नाही, आणि लोक बोर्ड खराब म्हणून बोंबलतात.

रात्रपाळी:
मुद्दा सोडून किर्रर्र वर कुठे गेलात? मला राग आहे तो यूएसबी २.० च्या हेडरचा. तोही नऊ पिनांचा, दिसायला अगदी तसाच, फक्त तिथे नववी पिन नसते. एका दुरुस्तीवाल्याने माझ्या पीसीत ऑडिओचा कनेक्टर त्यावर जोर लावून दाबला, पिन वाकली, आणि वर मलाच म्हणाला बोर्ड जुना आहे! त्या हेडरवर पाच व्होल्ट असतात हो.

डॅकप्रेमी:
एवढी मारामारी कशाला, यूएसबी डॅक (केसबाहेर राहून हेडफोनला आवाज देणारं उपकरण) घ्या, केसच्या आतल्या गोंगाटातून सुटका.

खटपट्या:
जोडायची वायर केसबरोबर आलेली असताना नवीन वस्तू विकत घ्या हा सल्ला? दर धाग्यावर हेच.

डॅकप्रेमी:
कानाला फरक कळत नसेल तर माझ्यावर का चिडता?

खटपट्या:
कान माझे ठणठणीत आहेत. रोज टेबलाखाली वाकून, हाताने चाचपत मागचं भोक शोधणाऱ्याला विचारा कुठला जॅक हवा ते. माझ्या आईला गुडघ्यांमुळे वाकता येत नाही, तिला पुढचाच लागतो.

शांतश्रोता:
बरं, ज्याला वाकता येत नाही त्याने जोडावा, तेवढं मान्य. पण वायर ग्राफिक्स कार्डापासून लांब, बोर्डाच्या ट्रेमागून न्या म्हणून सांगा, नुसतं "बसतोच" म्हणू नका.

रात्रपाळी:
आणि दाबण्याआधी बोर्डावर काय छापलंय ते वाचायला सांगा. ऑडिओच्या हेडरपाशी कुठे एएएफपी लिहिलेलं असतं, कुठे जेएयूडी१, कुठे एफ ऑडिओ.