शिन नक्षत्र आणि दोन भावांचं वैर

चिनी नक्षत्रं म्हणजे निव्वळ राजदरबाराचे शकुन-अपशकुन, असं म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. शिन, म्हणजे ‘हृदय’ हे नक्षत्र घ्या. चिनी लोक पूर्वेकडच्या आकाशात एक निळा ड्रॅगन कल्पतात, त्याचं हे काळीज. तीनच तारे, आणि आपण ज्येष्ठा म्हणतो तेच तीन! मधला लालबुंद तारा राजा, बाजूचे दोन राजपुत्र. मंगळ तिथे रेंगाळला की दरबाराची झोप उडायची. इ.स.पू. २११ मध्ये तशी नोंद आहे आणि पुढच्याच वर्षी पहिला सम्राट छिन शी हुआंग वारला.

पण त्याच्या कितीतरी आधीपासून हा लाल तारा शेतकऱ्यांचं पंचांग होता. त्याला ‘महाअग्नी’ म्हणत. संध्याकाळी तो पश्चिमेकडे कलू लागला की थंडीची चाहूल, कपड्यांची तयारी. त्याच्यावर नजर ठेवायला खास अधिकारी नेमलेला असे.

मला मात्र सगळ्यात भिडते ती झुओझुआन या प्राचीन इतिहासग्रंथातली कथा. अबो आणि शीछन हे सख्खे भाऊ रोज शस्त्रं उपसून भांडायचे. शेवटी राजाने त्यांना दोन दिशांना धाडलं: अबोकडे हा अग्नितारा, शीछनकडे शन नक्षत्र, म्हणजे आपल्या मृगातले ओळीतले तीन तारे. एक उगवतो तेव्हा दुसरा मावळलेला असतो. जूनच्या रात्री ज्येष्ठा पाहा, मृग कुठेच दिसणार नाही. पुढे चिनी कवितेत ताटातूट झालेल्या मित्रांना याच ताऱ्यांची उपमा मिळाली. हनान प्रांतातल्या शांगछ्यूला अबोच्या नावाचा उंच चौथरा आजही उभा आहे.