कुंद्याच्या वेबसाइटवर पॉप-अप कधी दाखवायचा आणि कुठं? गिऱ्हाईक वैतागायलेत

अनगोळची_ताई

नमस्कार मंडळी. आमच्या सासऱ्यांचं बेळगावात शहापुरात मिठाईचं दुकान आहे, कुंदा (दूध आटवून केलेली मिठाई), मांडे आणि सणासुदीला करंज्या-लाडू. दोन वर्षं झाली वेबसाइट काढून, वूकॉमर्सवर (ऑनलाइन दुकान चालवायच्या सॉफ्टवेअरवर) आहे, आणि ऑर्डरी बहुतेक पुण्या-मुंबईच्या, म्हणजे इकडनंच नोकरीला तिकडं गेलेल्या माणसांच्या.

गणपतीच्या आधी दिरांच्या मित्रानं एक पॉप-अप (पानावर मधेच उघडणारी चौकट) बसवून दिला, "पहिल्या ऑर्डरीवर १० टक्के सूट, व्हॉट्सअ‍ॅप नंबर द्या". पान उघडलं की लगेच येतो. सुरुवातीला नंबर भराभर आले म्हणून आम्ही खूश होतो, पण दिवाळीचा मेसेज पाठवायला म्हणून यादी काढून बघितली तर कितीतरी नंबर नुसते ९९९९ आणि १२३४ असे, म्हणजे चौकट जावी म्हणून काहीतरी टाकलेलं. आणि मग पुण्यातनं माझ्या मावशीचा फोन आला, म्हणाली अगं ती बंद करायची फुलीच दिसत नाही गं, मी दोनदा प्रयत्न केला आणि फोन ठेवून दिला. मला ते फार लागलं, कारण मावशीसारखी माणसंच तर आमचं गिऱ्हाईक.

मग मी स्वतः नवीन फोनवर साइट उघडून बघितली. आधी भाषेची चौकट (मराठी, कन्नड का इंग्रजी), ती गेली की "नोटिफिकेशन पाठवू का" ते ब्राउझरचं, मग सूटवाला, खाली कुकीची (साइट आपल्या फोनमध्ये जी नोंद ठेवते तिच्या परवानगीची) पट्टी आणि कोपऱ्यात व्हॉट्सअ‍ॅपचा गोल. कुंद्याचा फोटो दिसायच्या आधी चार ठिकाणी बोट लावावं लागतं. सासरे म्हणतात सगळं काढून टाका, दुकानात आलेल्या माणसाला आधी पाणी विचारायचं का नंबर? त्यांचं पटतं मला, पण नंबर नसले तर सणाला कळवायचं कुणाला, त्या मेसेजवरनंच निम्म्या ऑर्डरी येतात. तर नेमका किती सेकंदांनी दाखवायचा, कुठं दाखवायचा, फोनवर वेगळा ठेवायचा का, आणि भाषेचं काय करायचं? कुणी केलं असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

निपाणी_वेबवाला

ताई, सेकंदांचा प्रश्न प्रत्येकजण विचारतो आणि मला वाटतं तिथंच चुकतं. पाच सेकंद का दहा सेकंद यानं फारसा फरक पडत नाही, कारण घड्याळाला काय माहीत समोरचा काय करालाय, कदाचित तो फोन हातात धरून बायकोशी बोलत असेल. माणसानं काहीतरी केलं की दाखवा. एखादं उत्पादन उघडलं, मग दुसरं उघडलं, आता त्याला रस आहे हे दिसलं, तेव्हा. किंवा पान अर्ध्याच्या खाली सरकवलं आणि वीसेक सेकंद थांबलाही, दोन्ही अटी एकत्र. गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये एका पानावर लोक सरासरी किती वेळ थांबतात ते दिसतं, त्याच्या साधारण निम्म्यावर वेळ लावून सुरुवात करा आणि मग आपल्या साइटचं बघून बदला, दुसऱ्याच्या साइटचा आकडा आपल्याला लागू पडत नाही.

मावशींच्या फुलीचं कारण मी न बघताच सांगतो. पॉप-अपची रुंदी पिक्सेलमध्ये ठोकलेली असणार, चारशे-पाचशे वगैरे, आणि साधा फोन ३६० च्या आसपास रुंद असतो, म्हणून उजव्या कोपऱ्यातली फुली स्क्रीनच्या बाहेर गेली. दुसरं असं होतं की उंची १००व्हीएच (म्हणजे पूर्ण स्क्रीनएवढी) दिलेली असते आणि फोनवर पत्त्याची पट्टी उघडी असताना ती उंची दिसणाऱ्या भागापेक्षा जास्त भरते, त्यात नंबर टाकायला कीबोर्ड वर आला की सगळंच दाबलं जातं. रुंदी टक्क्यात द्या, उंचीला डीव्हीएच (दिसणाऱ्या भागाप्रमाणं बदलणारं माप) वापरा. आणि फुली मोठी करा, अँड्रॉइडचं मार्गदर्शन ४८ डीपीचं (डीपी आणि पॉइंट ही स्क्रीनवरच्या आकाराची मापं) आहे, अ‍ॅपलचं ४४ पॉइंटचं. चिमटीएवढी करड्या रंगाची फुली पांढऱ्यावर ठेवून कुणी फसून सूटवर बोट लावतं असं वाटणारे लोक आहेत, पण असं लावलेलं बोट ऑर्डर देत नाही ताई. फुलीसोबत खाली "नको, नंतर बघते" असं साधं बटणही द्या, म्हाताऱ्या माणसांना शब्द सापडतो, फुली सापडत नाही.

फोनवर पूर्ण स्क्रीन झाकणारा अजिबात नको. गूगलनं १० जानेवारी २०१७ पासून हा नियम लावलाय, शोधातनं मोबाईलवर आलेल्या माणसाला मजकूर दिसायच्या आधीच झाकून टाकणारी पानं खाली जाऊ शकतात. कुकीची परवानगी, वयाची खात्री, लॉगिन यांना हा नियम लागत नाही, आणि बेताची जागा घेणाऱ्या पट्टीलाही. म्हणजे तुमची सूट खालच्या पट्टीत आली तर काहीच अडचण नाही. फक्त ती "कार्टमध्ये टाका" बटणावर बसता कामा नये, आणि व्हॉट्सअ‍ॅपचा गोलही तिथंच असतो, तो थोडा वर घ्या.

माउस वरच्या बाजूला गेला की दाखवायचा तो जाताजाताचा प्रकार कॉम्प्युटरवर ठीक, पण तिथंही लोक नुसता दुसरा टॅब बघायला वर जातात, म्हणून एका माणसाला एकदाच. फोनवर माउसच नाही, त्यामुळं काही प्लगइन (साइटला जोडायचे तयार प्रोग्राम) मागे जायचं बटण अडवतात. ते करू नका. मागे दाबलं आणि मागे गेलं नाही की माणूस परत त्या दुकानाचं नाव काढत नाही.

खानापूरकर_होमस्टे

मी वेबवाली नाही, खानापूरजवळ आमची होमस्टेची दोन खोल्यांची साइट आहे, पण गिऱ्हाईकाच्या बाजूनं सांगते. आमच्याकडं रेंज एक कांडी असते. पान हळूहळू उतरतं, फोटो दिसतो, बोट लावायला जावं तोवर वरनं पट्टी येऊन सगळं खाली सरकतं आणि भलत्याच ठिकाणी बोट पडतं. मी अशाच एका साइटवर नको ती वस्तू कार्टमध्ये टाकून बसले होते. ताई, तुमची पुण्याची माणसं चांगल्या नेटवर असतील पण गावाकडं सुट्टीला आलेली माणसंही ऑर्डर देतात की.

आणि एक मनापासून विचारते, सूट हवीये का लोकांना? मी तुमच्याकडनं नाही पण दुसरीकडनं कुंदा मागवलाय मुंबईला भावाकडं, तेव्हा मला १० टक्क्यांचं काही नव्हतं, मला एवढंच कळायला हवं होतं की माझ्या भावाच्या पिनकोडला किती दिवसांत पोचतो आणि तोवर चांगला राहतो का. ते शोधायला मी चार पानं फिरले, आणि प्रत्येक पानावर सूट विचारत होती. शेवटी फोनच केला. तुमचं दूधदुभत्याचं काम आहे, तिथं माणूस अडतो तो "खराब होईल का" यावर. ते उत्पादनाच्या पानावर, किमतीच्या खालीच लिहा, पिनकोड टाकायला एक चौकोन द्या. पॉप-अप लागतच असेल तर पिनकोड टाकल्यावर येऊ दे, "या पत्त्यावर पाठवतो, सणाच्या आधी ऑर्डर सुरू झाली की कळवू का?" असा. त्यावेळी मी खरा नंबर दिला असता.

शून्य_पिक्सेल

वरच्या ताईंचं पट्टी सरकण्याचं म्हणणं अगदी बरोबर, त्याला गूगल मोजतंसुद्धा, सीएलएस म्हणतात (पान उतरताना मजकूर किती हलतो त्याचं माप), ०.१ च्या आत हवं. मजकुरावर तरंगणारी चौकट त्यात धरली जात नाही, पण वरनं घुसून मजकूर खाली ढकलणारी पट्टी धरली जाते. पट्टी वरच हवी असेल तर तिच्यापुरती जागा आधीपासून रिकामी ठेवा.

आता परत परत येण्याचं. कॅशिंग प्लगइन (एकदा तयार झालेलं पान साठवून सगळ्यांना तेच देणारं) आहे का साइटवर? असेल तर बघा, एकदा बंद केलं की कुकी पडते पण ती कुकी सर्व्हरवर तपासत असाल तर कॅशमधलं पान सगळ्यांना सारखंच जातं आणि पॉप-अप रोज दिसतो. ही तपासणी ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टनं करायची. त्यात आयफोनवर सफारी ब्राउझर आहे, तिथं स्क्रिप्टनं साठवलेलं सात दिवस माणूस साइटवर फिरकला नाही तर पुसलं जातं, म्हणून "३० दिवस दाखवू नको" लावलं तरी आयफोनवाल्याला आधीच दिसणार. आणि इन्स्टाग्रामच्या आतल्या ब्राउझरची साठवण क्रोमपेक्षा वेगळी, तोच माणूस दोन्हीकडं नवीन ठरतो. यावर पूर्ण इलाज नाही, पण एक सोपं काम करता येतं, व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही जी लिंक पाठवता तिच्या शेवटी एक खूण जोडा आणि ती खूण असेल तर पॉप-अप दाखवूच नका. ज्यानं नंबर दिलाय त्यालाच परत नंबर मागणं हे सगळ्यात वाईट दिसतं.

नोटिफिकेशनचं पान उघडताच विचारणं आजच बंद करा. एकदा कुणी "ब्लॉक" दाबलं की तुमची साइट त्याला पुन्हा विचारूच शकत नाही, त्यानं स्वतः सेटिंगमध्ये जाऊन बदललं तरच. ऑर्डर झाल्यावर "पार्सल निघालं की कळवू का" म्हणून विचारा, तेव्हा लोक हो म्हणतात.

निपाणी_वेबवाला

भाषेचं राहिलं होतं. चौकट काढा ताई. वरच्या पट्टीत मराठी, कन्नड, इंग्रजी अशी तीन नावं कायम दिसत राहू देत, प्रत्येक नाव त्याच लिपीत, म्हणजे ज्याला जे वाचता येतं त्याला ते सापडतं. झेंडे लावू नका, भाषेला झेंडा नसतो आणि आपल्या भागात तर नाहीच. आपोआप ओळखायचा प्रयत्नही इथं फसतो, घरी मराठी बोलणाऱ्या माणसाचा फोन इंग्रजीत असतो, आणि मोबाईल नेटचा पत्ता बऱ्याचदा बेंगळुरूचा दिसतो, मग अनगोळच्या माणसाला साइट कन्नडमध्ये आणि कोल्हापूरच्याला मराठीत असं होऊन बसतं. माझ्या एका चिकोडीच्या गिऱ्हाईकाकडं हेच झालं होतं, सगळं काढून नुसती तीन नावं ठेवली. तिन्ही पानांना एचरेफलँग (पान कुठल्या भाषेतलं आहे ते गूगलला सांगणारी कोडमधली खूण) लावा, मग गूगल ज्याला जी भाषा हवी तीच दाखवायचा प्रयत्न करतं.

आणि एक गोष्ट मुद्दाम सांगतो कारण मला हे बघून राग येतो. "नको, मला जास्त पैसे द्यायला आवडतं" असली बटणं काही जण ठेवतात. समोरच्याला लाजवून हो म्हणायला लावायचं. केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला १३ प्रकारांची यादीच काढलीय डार्क पॅटर्नची (गिऱ्हाईकाला फसवणाऱ्या युक्त्यांची), त्यात असं लाजवणं आहे, खोटी घाई दाखवणं आहे आणि सारखं सारखं टोचत राहणंही आहे. "फक्त ५ मिनिटं उरली" असा घड्याळाचा काटा जो पान परत उघडलं की पुन्हा ५ वरनं सुरू होतो, तो खोटेपणाच झाला. सूट खरंच रविवारपर्यंत असेल तर तारीख लिहा. नंबर कशाला घेतोय तेही त्याच चौकटीत लिहा, वर्षातनं किती मेसेज येतील ते पण.

अनगोळची_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन आठवडे झाले, काय काय केलं ते सांगायला आले. भाषेची चौकट काढली, नोटिफिकेशन काढलं, कुकीची पट्टी परत परत न दिसण्याचं आपल्या गल्लीतल्या एका मुलाकडनं करून घेतलं (कॅशचंच होतं, बरोबर ओळखलंत). सूटवाला पूर्ण काढला. त्याऐवजी खानापूरच्या ताईंनी सांगितलं तसं पिनकोडचा चौकोन किमतीच्या खाली, आणि पिनकोड टाकल्यावर खालून छोटी पट्टी येते, "गणपती आणि दिवाळीच्या आधी ऑर्डर सुरू झाली की एक मेसेज पाठवू, वर्षाला दोनच". नंबर आधीपेक्षा पुष्कळ कमी येतात, हे खरं सांगते, पण मी एकेक बघितला, खोटा अजून एकही नाही. आणि काही जण नंबरसोबत लिहूनही पाठवतात, एकानं लिहिलंय आजी वडगावची होती, मांडे मिळतील का.

सासऱ्यांना फोनवर दाखवलं, त्यांनी स्वतः पिनकोड टाकून बघितला, आणि म्हणाले कुंदा किती दिवस टिकतो ते अक्षर अजून मोठं कर. ते काल केलं.

एकच विचारायचं राहिलं, दिवाळीच्या आधी ऑर्डरी घेणं बंद करायची तारीख असते आमची, ती सगळ्यांना दिसायलाच हवी, तिच्यासाठी पॉप-अप चालेल का?

खानापूरकर_होमस्टे

ती वरच्या पट्टीत ठेवा ताई, सगळ्या पानांवर, आणि कार्टमध्ये पैसे भरायच्या बटणाच्या अगदी वर पुन्हा एकदा. तारीख गेल्यावर बटणच बंद करा, नाहीतर पैसे भरून झाल्यावर माणसाला कळतं आणि ते फार वाईट वाटतं. भावाचा पिनकोड टाकून बघितला मी आत्ताच, चार दिवस दाखवतंय, अर्धा किलो मागवते.