मदत हवी आहे: डॉसन की स्कॅगवे?

सायली_टी
कॅनडातल्या युकॉनमध्ये व्हाइटहॉर्सला तीन दिवस आहेत, सोबत आई-बाबा. बाबांना क्लोंडाइक गोल्ड रशच्या (१८९० च्या दशकात सोन्यासाठी लोकांची झुंबड उडाली होती ती) जागा बघायच्याच आहेत. डॉसन करू की स्कॅगवे? गाडी आज रात्रीच बुक करायची आहे, प्लीज लवकर सांगा.

रानवेडा
डॉसनच! १६ ऑगस्ट १८९६ ला सोनं सापडलं तो बोनान्झाचा ओढा तिथलाच. त्याच रस्त्यावर ड्रेज नंबर ४ आहे. लाकडी बुडाचं आठ मजली उंच यंत्र, १९५९ पर्यंत ओढ्याची वाळू उपसून सोनं काढत होतं.

भटका_नाशिक
एका बाजूने ५३० किमी आहे हो! आई-बाबांचे दोन दिवस गाडीतच जातील. स्कॅगवेहून व्हाइट पास खिंडीच्या नॅरोगेज गाडीत बसा. गोल्ड रशच्या वेळी खिंडीतल्या जुन्या वाटेवर सुमारे ३,००० घोडे मेले होते, त्याच खिंडीतून रूळ गेलेत.

मेघना०७
ताई, पासपोर्ट कुठला? स्कॅगवे अलास्कात आहे, अमेरिकेचा व्हिसा लागेल. आणि महिना कुठला?

सह्यभ्रमर
चिलकूट ट्रेल चुकवू नका, सोनं शोधायला निघालेल्यांची दुसऱ्या खिंडीतली पायवाट, ५३ किमी. वर्षभराचा शिधा असल्याशिवाय कॅनडाचे पोलीस खिंड ओलांडू देत नसत. माणशी जवळजवळ टनभर सामान, खेपा घालून वर न्यायचं.

मेघना०७
अहो, ट्रेक कुणी विचारलाय?

अण्णा_बेळगाव
आपल्या शेजारी कर्नाटकातल्या हट्टी गावच्या खाणीत अजून सोनं निघतं. वेगळा धागा काढू का?

सायली_टी
आई-बाबांकडे भारतीय पासपोर्ट, व्हिसा फक्त कॅनडाचा. सप्टेंबरअखेर जातोय. बाबांचे गुडघे दुखतात. म्हणजे स्कॅगवे गेलंच?

मेघना०७
हो, ते सोडाच. कारक्रॉसला जा, कॅनडातच आहे, गाडीने तासाभरावर. २९ जुलै १९०० ला व्हाइट पासच्या रेल्वेचा शेवटचा खिळा तिथे ठोकला. बोनान्झावर सोनं शोधणाऱ्यांपैकी स्कूकम जिम (खरं नाव कीश) आणि डॉसन चार्ली यांचं दफन त्याच गावात झालं. बाबांना हे नक्की आवडेल. मग व्हाइटहॉर्समध्ये एसएस क्लोंडाइक बोट बघा.

भटका_नाशिक
ती बोट १९३७ ची. गोल्ड रशशी नुसता नावाचा संबंध.

रानवेडा
म्हणून म्हणतो, डॉसन. व्हाइटहॉर्सहून विमान जातं, गुडघ्यांना त्रास नाही. फक्त सप्टेंबरअखेर मोसम संपत आलेला असतो, ड्रेज आतून बघता येईल का ते आधी विचारून घ्या.

सायली_टी
विमान रोज असतं का?