कीर्सी यांचे चार गट आणि प्राचीन चार स्वभाव: ही जोडणी कितपत ग्राह्य धरावी?

प्रश्न: वाचक_सांगली

आमच्या वाचनालयाच्या अभ्यासमंडळात व्यक्तिमत्त्वाच्या सिद्धान्तांवर व्याख्यान देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. तयारी करताना एक कोष्टक वारंवार समोर येते. मायर्स-ब्रिग्ज या व्यक्तिमत्त्व चाचणीतील प्रत्येक प्रकाराचे नाव चार अक्षरांचे असते: ई बहिर्मुख की आय अंतर्मुख, एस प्रत्यक्ष तपशिलांवर भर की एन शक्यतांवर, टी तर्काने निर्णय की एफ भावनेने, जे नियोजनबद्ध की पी लवचीक. अशा सोळा प्रकारांचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड कीर्सी यांनी चार गट केले आणि प्रत्येकाला ग्रीक वैद्यकातील एकेक स्वभाव जोडला. त्यानुसार एसपी म्हणजे रक्तप्रधान सँग्विन, एसजे म्हणजे काळ्या पित्ताचा मेलँकॉलिक, एनएफ म्हणजे पिवळ्या पित्ताचा कोलेरिक आणि एनटी म्हणजे कफप्रधान फ्लेग्मॅटिक. इतरत्र मात्र एनटीला कोलेरिक आणि एनएफला मेलँकॉलिक म्हटलेले आढळले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यांना माणसांचे जे चार प्रकार दिसले, तेच आजच्या चाचण्यांतून पुन्हा सापडतात, असे विधान मी श्रोत्यांपुढे करू शकते का? करता येत नसेल, तर या दोन्हींत नेमके कोणते नाते आहे?

उत्तर १: मानसशास्त्र_अध्यापन

असे विधान करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चार ही संख्या दोन्हीकडे सारखी असली, तरी ते चार ज्या रेघांनी पाडले आहेत त्या रेघा वेगळ्या आहेत.

प्राचीन बाजू आधी पाहू. रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त या चार देहद्रवांची मांडणी हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतील ‘मानवाची प्रकृती’ या ग्रंथात इसवी सनपूर्व 400 च्या सुमारास येते. दुसऱ्या शतकात ग्रीक वैद्य गेलनने उष्ण-शीत आणि स्निग्ध-रूक्ष या गुणांच्या मिश्रणांचा सविस्तर विचार केला, परंतु त्याने मिश्रणे चार नव्हे, तर नऊ मानली होती: एक समतोल, चार साधी आणि चार संयुक्त. त्याचे मुख्य लक्ष शरीराकडे होते. आनंदी (सँग्विन), तापट (कोलेरिक), खिन्न (मेलँकॉलिक) आणि संथ (फ्लेग्मॅटिक) अशी जी चार स्वभावचित्रे आपण आज ओळखतो, ती बहुतांशी गेलननंतरच्या शतकांत ठळक झाली.

आधुनिक काळात या चित्रांना मापनाचा आधार देण्याचे काम जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्हेल्म वुण्ट यांनी सुरू केले. भावना किती तीव्र आहे आणि ती किती झपाट्याने बदलते, अशा दोन अक्षांवर त्यांनी चारही स्वभाव बसवले. कोलेरिक मनुष्य तीव्र आणि चटकन बदलणारा, मेलँकॉलिक तीव्र पण सावकाश बदलणारा, आणि उरलेले दोघे सौम्य भावनांचे. पुढे मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेन्क यांनी बहिर्मुखता आणि भावनिक अस्थैर्य हे दोन अक्ष घेतले. त्यांनी काढलेल्या वर्तुळाकृतीत अस्थिर अंतर्मुख तो मेलँकॉलिक, अस्थिर बहिर्मुख तो कोलेरिक, स्थिर बहिर्मुख तो सँग्विन आणि स्थिर अंतर्मुख तो फ्लेग्मॅटिक. म्हणजे मनाची चलबिचल किती होते, हा प्रश्न जुन्या चार स्वभावांच्या गाभ्याशी आहे.

आता कीर्सी यांची विभागणी पाहा. ते आधी एस आणि एन असे दोन भाग करतात. मग एसचे जे आणि पी या अक्षरांनुसार, तर एनचे टी आणि एफ या अक्षरांनुसार तुकडे पाडतात. यात बहिर्मुख-अंतर्मुख हे अक्षर गट ठरवण्यासाठी वापरलेच जात नाही. त्यामुळे माणसांत रमणारी ईएसएफजे व्यक्ती आणि एकटी बसून हिशेब तपासणारी आयएसटीजे व्यक्ती, दोघीही ‘मेलँकॉलिक’ ठरतात. भावनिक स्थैर्य मोजणारे अक्षर तर मूळ चाचणीतच नाही. मानसशास्त्रज्ञ मॅक्रे आणि कोस्टा यांनी 1989 मध्ये या चाचणीची पंचघटक प्रारूपाशी (बहिर्मुखता, भावनिक अस्थैर्य यांसारख्या पाच घटकांनी व्यक्तिमत्त्व मोजणाऱ्या मांडणीशी) तुलना केली, तेव्हा तिच्या चार मोजपट्ट्या चार घटकांशी जुळल्या आणि भावनिक अस्थैर्याला जोडीदार मिळाला नाही. ज्या अक्षावर जुने स्वभाव उभे आहेत तो अक्षच जिथे नाही, तिथे ‘तेच स्वभाव पुन्हा सापडले’ असे कसे म्हणावे?

आयझेन्क यांच्या वर्तुळात काळजीपूर्वक, संयमी, भरवशाचा ही विशेषणे फ्लेग्मॅटिकच्या भागात लिहिलेली आहेत. कीर्सी यांच्याकडे हेच गुण एसजेचे, म्हणजे ‘मेलँकॉलिक’चे आहेत. तुम्हाला दोन कोष्टकांत जो विरोध दिसला, त्याचे मूळ इथे आहे.

उत्तर २: चित्रकला_आणि_इतिहास

वरील विवेचनाला चित्रकलेतील एक पुरावा जोडावासा वाटतो, कारण मेलँकॉलिकचे स्थान किती बदलत गेले हे त्यातून थेट दिसते.

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररचे 1514 मधील ‘मेलेंकोलिया १’ हे ताम्रपटावरील खोदचित्र नीट पाहावे. पंख असलेली एक आकृती गालाला मूठ टेकून बसली आहे. हातात वर्तुळे काढण्याचा कंपास आहे, पण ती तो वापरत नाही. भोवती वाळूचे घड्याळ, तराजू, सुतारकामाची हत्यारे, एक मोठा बहुफलक आणि झोपलेला कुत्रा आहे. भिंतीवर चार बाय चारचा जादूचा चौरस कोरला असून त्याच्या प्रत्येक ओळीची बेरीज 34 येते. तळच्या ओळीत मधोमध 15 आणि 14 हे आकडे शेजारी ठेवून ड्यूररने चित्राचे साल नोंदवले आहे. हा मेलँकॉलिक भूमितीत, मापनात आणि अमूर्त विचारात बुडालेला आहे. तत्त्वज्ञान, राजकारण, काव्य आणि कला यांत असामान्य ठरलेले लोक काळ्या पित्ताचे का असतात, असा प्रश्न ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या ‘समस्या’ या ग्रंथात विचारला आहे, आणि पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सचा तत्त्वज्ञ मार्सिलियो फिचिनो याने त्याच विचाराला मोठी प्रतिष्ठा दिली. कीर्सी यांच्या भाषेत ही आकृती एनटी किंवा एनएफ म्हणावी लागेल. शिस्त, परंपरा आणि कर्तव्य सांभाळणाऱ्या एसजेशी तिचे साम्य फार थोडे आहे. व्याख्यानात हे चित्र पडद्यावर दाखवलेत, तर जोडणीची अडचण श्रोत्यांना लगेच कळेल.

उत्तर ३: युनानी_वैद्यक

भारतातील एक दुवा सुटू नये. गेलनचे वैद्यक अरबी ग्रंथांतून, विशेषतः मध्ययुगीन वैद्य इब्न सिना यांच्या ‘कानून’ या ग्रंथातून, आपल्याकडे आले आणि युनानी पद्धतीत ते आजही शिकवले जाते. दम, बलगम, सफरा आणि सौदा हे चार अखलात (देहद्रव), तर दमवी, बलगमी, सफरावी आणि सौदावी हे मिजाज (प्रकृती). रुग्णाचा मिजाज ठरवताना स्पर्श, शरीराची ठेवण, केस, वर्ण, झोप आणि मलमूत्र यांच्याबरोबर मनाच्या प्रतिक्रियाही पाहिल्या जातात. मन हा त्या परीक्षेचा एक भाग आहे. केवळ प्रश्नावली भरून मिजाज ठरवणे या परंपरेला अपुरे वाटेल. आयुर्वेदातील वात-पित्त-कफ ही मांडणी मात्र स्वतंत्र आहे. तिला या कोष्टकात चौथा रकाना करून बसवू नये, ही विनंती.

प्रश्नकर्ती: वाचक_सांगली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक शंका उरते. कीर्सी यांना ही जुळणी एवढी महत्त्वाची का वाटली असावी? आणि सध्या संकेतस्थळांवर सोळा प्रकारांना शेवटी ए किंवा टी असे पाचवे अक्षर लावतात, त्यामुळे चित्र बदलते का?

उत्तर ४: मानसशास्त्र_अध्यापन

कीर्सी यांची 1978 च्या पुस्तकातील नावे डायोनायसस, एपिमेथियस, प्रोमेथियस आणि अपोलो या ग्रीक पुराणातील व्यक्तिरेखांवरून घेतलेली होती. 1998 च्या सुधारित ग्रंथात त्यांनी प्लेटोपासून आधुनिक लेखकांपर्यंतच्या चौकड्यांची एक वंशावळच मांडली. माणसांचे चार मूलभूत साचे असतात आणि निरनिराळ्या काळांतील विचारवंतांनी तेच पाहिले, ही त्यांची मनापासूनची धारणा होती. निरीक्षक म्हणून त्यांची वर्णने मला आजही वाचनीय वाटतात. कामाच्या ठिकाणी एसपी आणि एसजे यांच्यात खटके का उडतात, हे त्यांनी फार बारकाईने लिहिले आहे. आक्षेप आहे तो वंशावळीला.

पाचव्या अक्षराने चित्र निश्चित बदलते. ए म्हणजे आत्मविश्वासाने वागणारा आणि टी म्हणजे मनाने चटकन अस्वस्थ होणारा (तर्काचा टी वेगळा). भावनिक अस्थैर्याचा हरवलेला अक्ष या निमित्ताने मागल्या दाराने परत येतो. मग पहिले आणि पाचवे अक्षर एवढेच घेऊन आयझेन्क यांचे चार कोपरे तयार करता येतात: आय-टी मेलँकॉलिक, ई-टी कोलेरिक, ई-ए सँग्विन, आय-ए फ्लेग्मॅटिक. मधल्या तीन अक्षरांची त्यासाठी गरजच पडत नाही. जोडणी दाखवायचीच असेल, तर या दोन अक्षरांची दाखवा. मात्र या मोजपट्ट्यांवर बहुतेक लोकांचे गुण मध्याच्या आसपास पडतात, टोकांना थोडेच जातात. म्हणून कोपऱ्यांची नावे लिहिताना आकृतीचा मधला भाग मोठा आणि मोकळा ठेवावा, आणि श्रोत्यांना स्वतःची जागा ठिपक्याने दाखवायला सांगावे.