बोटं गेलेल्या ऑपरेटरला परत कामावर घ्यायचं की नाही?

भोसरीचा फिटर: काल एका उद्योजकांनी लिहिलं, "ईएसआय (कामगार विमा योजना) घरबसल्या ९० टक्के पगार देते, मग कामगार परत कशाला येईल?" डोकं सणकलं. अहो, ते ९० टक्के जखम भरेपर्यंत. पुढे कमाईची ताकद किती टक्के गेली ते मेडिकल बोर्ड ठरवतं आणि त्या ९० टक्क्यांतला तेवढाच हिस्सा पेन्शन म्हणून मिळतो. अख्खी तर्जनी गेली की १४ टक्के. पंधरा हजार पगारवाल्याच्या हातात महिना पुरते १,९०० रुपयेसुद्धा येत नाहीत. आमच्या लाइनवरच्या पोराची पत्रा दाबायच्या प्रेसवर दोन बोटं गेली. मापाचा व्हर्नियर धरतो, चलान लिहितो, स्टोअरला बसवा म्हणालो. ठेकेदाराने गेटपासच दिला नाही.

चाकणचा लघुउद्योजक: ते मीच लिहिलं होतं आणि अजूनही म्हणतो. छोट्या शॉपमध्ये हलकं काम आणू कुठून? स्टोअरला एकच माणूस आहे, त्याला काढू?

एसटीवाला: आमच्याकडे दृष्टी अधू झालेल्या ड्रायव्हरला दुसरं काम देतात, पगार तोच. २०१६ च्या दिव्यांग कायद्याचं कलम २० आहे त्याला. पण ते संरक्षण सरकारी आस्थापनांपुरतंच. खासगीतल्या कामगाराचा हात काय वेगळा असतो?

भोसरीचा फिटर: मुळात बोटं गेलीच का ते बोला! दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येता कामा नये. तिथे एक बटण वायर जोडून कायमचं दाबलेलं. सेन्सर बंद.

चाकणचा लघुउद्योजक: असा सेफ्टीचा बायपास कामगारच करतात, नग वाढवायला. मी स्वतः पकडलंय.

भोसरीचा फिटर: आणि टार्गेट कोण लावतं? पॅनेलची किल्ली कुणाच्या खिशात असते? बायपास दिसल्यावर मशीन बंद केलं होतंत का, एवढंच सांगा.

चाकणचा लघुउद्योजक: डिस्पॅच थांबला की गिऱ्हाईक दंड लावतं, तो तुम्ही भरणार का?

एसटीवाला: दंड भरून मिटतो, बोट परत येत नाही.

हातांची फिजिओ: भांडा, पण माझं ऐका. तुटल्या बोटाच्या टोकाला कापूस लागला तरी कळ जाते. तांदळाच्या भांड्यात हात फिरवून फिरवून ती जागा सरावते. माझ्याकडे येणाऱ्यांच्या कागदावर नुसतं 'फिट' असतं, कोणत्या कामाला ते कुणी लिहीत नाही. पहिल्याच दिवशी पुन्हा प्रेससमोर उभं केलं की माणूस थरथरतो आणि आठवड्यात गावी निघून जातो. मग म्हणायचं, त्यालाच यायचं नव्हतं! बरेच जण तर कामावर गेलं की पेन्शन बंद होईल म्हणून घाबरतात. कायमच्या अपंगत्वाची पेन्शन नोकरी करूनही चालू राहते.

चाकणचा लघुउद्योजक: हे पेन्शनचं मला कुणी सांगितलं नव्हतं. ठीक आहे, इन्स्पेक्शनच्या टेबलावर एखाद्याला बसवून बघेन. पण ठेकेदाराच्या माणसाची जबाबदारी माझ्या गळ्यात घालू नका.

भोसरीचा फिटर: प्रेस तुमची, नग तुमचे, टार्गेट तुमचं. बोटं गेल्यावरच तो ठेकेदाराचा कसा होतो?